कोंडलेल्या बळाचा ताबा

मोटारीच्या दुरुस्तीत जी कामे जोखमीची समजली जातात त्यांपैकी बहुतेकांची जोखीम काही ना काही रूपाने आधीच प्रकट झालेली असते. पेट्रोलला वास येतो, तापलेल्या रेडिएटरमधून वाफ निघते, चालू इंजिनाचा पंखा आवाज करतो, आणि त्यामुळे अनभ्यस्त मनुष्यही तेथे हात राखून वागतो. पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या वरच्या व खालच्या आर्मच्या बेचक्यात बसलेली मळसूत्री स्प्रिंग मात्र आवाज करीत नाही आणि हलतही नाही. मोटार वर्षानुवर्षे एका जागी उभी असली, बॅटरी काढून ठेवलेली असली, टाकीत पेट्रोलचा थेंब नसला, तरीही ती स्प्रिंग पहिल्या दिवशी ज्या बळाने दाबली गेली जवळजवळ त्याच बळाने खालच्या आर्मला खाली आणि चौकटीला वर रेटीत असते. जुनी मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याची हौस असलेल्यांनी या प्रकरणापाशी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे; कारण इंजिन खोलताना झालेली चूक पैशाने भरून निघते, स्प्रिंग काढताना झालेली चूक नेहमीच तशी निघत नाही.

हे बळ किती असते याचा अदमास एका साध्या हिशेबाने येतो. समजा, मोटारीचे वजन ९०० किलो आहे आणि तिच्या पुढच्या एका चाकावर सव्वादोनशे किलोंच्या आसपास भार येतो. स्प्रिंग ही चाकाच्या थेट माथ्यावर नसते. ती आर्मच्या मध्यावर, म्हणजे आतली बिजागरी आणि बाहेरचे चाक यांच्या साधारण मधोमध बसवलेली असते, आणि म्हणून तरफेच्या न्यायाने तिला चाकावरील भाराच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे साडेचारशे किलोंच्या घरातला भार पेलावा लागतो. अशी स्प्रिंग १० सेंटिमीटर दबली असेल तर तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे २२० जूल भरते. स्प्रिंगचे स्वतःचे वजन चार किलो धरले, तर एवढी ऊर्जा तिला सरळ वर साडेपाच मीटर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत फेकावयास पुरी पडावी, आणि सुटण्याच्या क्षणी तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरांहून अधिक असावा. प्रत्यक्षात चाक अधांतरी लोंबत असताना स्प्रिंग बरीचशी सैल झालेली असते हे खरे. परंतु ती पूर्ण सैल कधीच होत नाही, आणि जी अर्धीमुर्धी ऊर्जा उरते तीही मनगटाची हाडे मोडण्यास पुरेशी असते.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात स्थितिस्थापक पदार्थाचा जो नियम मांडला, तो असा की, स्प्रिंग जितकी ताणावी वा दाबावी तितक्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. या नियमातून निघणारा एक परिणाम मात्र सामान्यतः ध्यानात घेतला जात नाही. दाब दुप्पट झाला की बळ दुप्पट होते, पण साठलेली ऊर्जा चौपट होते. स्प्रिंग आखूड करणाऱ्या दाबयंत्राच्या पकडीत ती ‘आणखी थोडीशी’ आवळावी असे ज्याच्या मनात येते त्याने हा वर्गाचा हिशेब स्मरावा. शेवटच्या दोन सेंटिमीटरांत जी ऊर्जा भरली जाते ती पहिल्या दोन सेंटिमीटरांतील ऊर्जेच्या कित्येक पट असते.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, हे बळ मनुष्याला नाहीसे करता येत नाही. त्याचा ताबा तेवढा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. मोटार चाकांवर उभी असताना हा ताबा मोटारीच्या वजनाकडे असतो. मोटार उचलून चाक अधांतरी केले की तो शॉकॲब्सॉर्बरकडे किंवा आर्मची खालची हद्द ठरवणाऱ्या रबरी अडथळ्याकडे जातो. शॉक काढला की आर्मला चाकाच्या भागाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटकडे. बॉल जॉइंट सोडवला की, आपण आधीच तजवीज केलेली असेल तर जॅककडे वा दाबयंत्राकडे, आणि तजवीज केलेली नसेल तर कोणाकडेच नाही. जितक्या म्हणून अपघातांची हकीकत मी जाणत्या कारागिरांकडून ऐकली, त्या सर्वांत नेमके हेच घडलेले होते: जुन्या धन्याला रजा देण्यात आली आणि नवा धनी रुजू झालेलाच नव्हता. म्हणून कोणत्याही नटाला पाना लावण्यापूर्वी, ‘या घटकेला बळ कोणाच्या ताब्यात आहे, आणि हा नट सुटल्यावर ते कोणाच्या ताब्यात जाईल’, हा प्रश्न मोठ्याने विचारावा आणि त्याचे उत्तर बोटाने दाखवता येईल तरच पुढे जावे. पुढील सर्व कृती या एका प्रश्नाचाच विस्तार आहे.

हे काम एवढे गुंतागुंतीचे का झाले, हे समजण्यास थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. जुन्या मोटारींत पुढेही सरळ आस असे आणि तो पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असे. पाट्यांचा एक मोठा गुण असा की, ते भार पेलतात आणि आसाला जागच्या जागी धरूनही ठेवतात. शिवाय एक पाटा दुसऱ्यावर घासत असल्यामुळे हेलकावे काही अंशी आपोआप शमतात. मळसूत्री स्प्रिंगच्या अंगी भार पेलण्याखेरीज यांतला एकही गुण नाही. ती भार पेलते, पण चाकाला मागे-पुढे वा आडवे सरकण्यापासून रोखत नाही, आणि तिच्या वेढ्यांत घर्षण नसल्यामुळे एकदा हेलकावू लागली की स्वतःहून लवकर थांबतही नाही. पहिल्या उणिवेसाठी तिच्या सोबतीला आर्म, बिजागऱ्या आणि बॉल जॉइंट यांचा परिवार द्यावा लागला. दुसरीसाठी शॉकॲब्सॉर्बर द्यावा लागला. तरीही अभियंत्यांनी तिचा स्वीकार केला, कारण तिच्या आधारे पुढची दोन्ही चाके परस्परांपासून मोकळी करता आली आणि एका चाकाला लागलेला धक्का दुसऱ्याला पोहोचेनासा झाला. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याच्या परिश्रमाने १९३४ च्या कॅडिलॅक मोटारींत लहान वरचा आर्म, लांब खालचा आर्म आणि मध्ये मळसूत्री स्प्रिंग ही रचना अवतरली, आणि पुढील चार-पाच दशके जगातील असंख्य मोटारींनी तिचाच कित्ता गिरवला.

आपल्याकडे या रचनेची सर्वांत परिचित प्रतिनिधी म्हणजे पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही इटालियन मोटार तयार होऊ लागली. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट या नावाने, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट या नावाने आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने रस्त्यावर आली. मागे सरळ आस आणि पाटे, पुढे दोन आर्म आणि मळसूत्री स्प्रिंग, अशी तिची विभागणी होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तथापि खाजगी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी अजूनही थोड्या नाहीत, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत त्यांच्या पुढच्या स्प्रिंगांची जी दशा होते ती पाहता, हे प्रकरण केवळ ऐतिहासिक कुतूहलाचे नव्हे हे वाचकांच्या ध्यानी येईल. तिच्या समकालीन ॲम्बॅसिडरला मात्र पुढे मळसूत्री स्प्रिंगच नव्हती. तेथे एक लांब पोलादी दांडा पिळून तेच काम साधले होते, आणि त्याचा पीळ उतरवण्याची रीत सर्वस्वी निराळी असल्यामुळे येथे तिचा विचार केलेला नाही.

काम जमिनीपासून सुरू करावे. जमीन सपाट आणि टणक असली पाहिजे. डांबर उन्हात मऊ होते आणि फरशी तडकते, म्हणून सिमेंटचा कोबा सर्वांत उत्तम. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकावी, आणि पुढच्या चाकांचे नट चाके जमिनीवर असतानाच किंचित सैल करावे, कारण वर उचललेल्या मोटारीवर जोर लावणे म्हणजे तिला स्टँडवरून ढकलणेच होय. आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. सांधा सहज सुटला तर माणूस अधीर होत नाही, आणि या कामातील निम्मे अनर्थ अधीरतेतून होतात. मग मोटार जॅकने उचलून चौकटीच्या भक्कम भागाखाली, दोन्ही बाजूंस, लोखंडी स्टँड द्यावेत. ते आर्मखाली देऊ नयेत, कारण आर्म मोकळा ठेवावयाचा आहे. विटांवर वा दगडांवर मोटार तोलू नये, कारण वीट एका क्षणात फुटते. आणि नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर तर कधीही विसंबू नये, कारण त्याचे सारे सामर्थ्य एका रबरी कड्यावर अवलंबून असते. स्टँड लागले की मडगार्डला दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावे. मोटार हलावयाची असेल तर ती आत्ताच हलू द्यावी.

चाक काढल्यावर प्रथम ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली, स्प्रिंगच्या बैठकीच्या होईल तितक्या जवळ लावून, त्याने आर्म किंचित उचलून धरावा. हे शॉक काढण्यापूर्वी करावयाचे. शॉकॲब्सॉर्बर केवळ हेलकावे शमवतो अशी समजूत असल्यामुळे पुष्कळजण तो आधी काढून बाजूला ठेवतात आणि मग जॅक शोधू लागतात. परंतु अनेक मोटारींत पूर्ण ताणलेला शॉकच आर्मला आणखी खाली जाऊ देत नाही, अर्थात त्या क्षणी स्प्रिंगचा ताबा त्याच्याकडेच असतो. जॅकने भार घेतला की शॉकच्या टोकांवरील ताण उतरतो, आणि तो उतरला आहे याची खूण म्हणजे वरच्या टोकाचे रबरी बुश बोटांनी फिरवता येऊ लागते.

ज्या मोटारींत शॉक स्प्रिंगच्या पोकळीतून उभा जातो त्यांत वरच्या टोकाला एक नट असतो, आणि तो फिरवू लागले की बहुधा आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. दांड्याच्या माथ्यावर दोन सपाट बाजू घासलेल्या असतात. त्यांना लहान पान्याने धरून मग नट फिरवावा. पक्कडीने दांडा खालच्या चकचकीत भागावर धरणे वर्ज्य आहे, कारण तो शॉक पुन्हा वापरावयाचा असेल तर पक्कडीचा एक ओरखडा तेलाची सील फाडण्यास पुरेसा होतो. खालच्या टोकाचे बोल्ट काढले की शॉक आर्ममधील छिद्रातून खाली ओढून घेता येतो. तो हाती आला की उभा धरून दाबून पाहावा. आत तेलात बुडालेला एक दट्ट्या असतो, त्याच्यातील बारीक छिद्रांतून तेलाला मुश्किलीने वाट काढावी लागते, आणि हेलकाव्याची ऊर्जा त्या संघर्षात उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चांगला शॉक दोन्ही दिशांना सलग, जडपणे सरकतो. मध्येच रिकामा उतरू लागला, किंवा सीलभोवती तेलाची ओली कड आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर त्याची सेवा संपली असे समजावे. दाबल्यावर शॉक आपोआप पुन्हा लांब होत असेल तर त्यात दाबाखालचा वायू भरलेला आहे. ही विद्या क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों या फ्रेंच शास्त्रज्ञाची असून १९५० च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने ती बाजारात आणली. असा शॉक तापवू नये, कापू नये, त्याला भोकही पाडू नये.

शॉक निघाल्यामुळे स्प्रिंगची पोकळी मोकळी झाली. आता दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग आतल्या दाबयंत्राचा: एक जाड आट्यांचा दांडा पोकळीतून घालून, त्याच्या वरच्या व खालच्या पकडी वेढ्यांत अडकवून, नट आवळीत स्प्रिंग जागच्या जागी आखूड करावयाची. दुसरा मार्ग जॅकचा: आर्म जॅकने धरून ठेवावयाचा, बॉल जॉइंट सोडवावयाचा, आणि जॅक हळूहळू उतरवीत स्प्रिंगला तिच्या नैसर्गिक लांबीपर्यंत येऊ द्यावयाचे. पहिला मार्ग अधिक खर्चाचा आणि अधिक शिस्तीचा आहे. माझे मत त्याच्याच बाजूने पडते. दुसरा मार्ग आपल्या गॅरेजांत वहिवाटीचा आहे आणि काळजीने केला तर तोही निर्दोष आहे, परंतु त्याला एक अट आहे. जॅकने आर्म वर रेटताना स्प्रिंगला दाबते ते मोटारीचे वजन. इंजिन बाहेर काढून ठेवलेल्या, पुढून हलक्या झालेल्या मोटारीत हे वजनच उरत नाही. तेथे जॅक वर चढवला की स्प्रिंग दबण्याऐवजी मोटारच स्टँडवरून उचलली जाते. जीर्णोद्धारासाठी सुटी केलेली मोटार असेल तर जॅकच्या मार्गाने जाऊच नये.

दाबयंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. त्याचे आटे स्वच्छ करून त्यांवर ग्रीस लावावे. कोरडे आटे भाराखाली एकमेकांत रुततात, आणि अर्ध्या वाटेवर रुतलेले दाबयंत्र हे या कामातील सर्वांत वाईट संकट होय, कारण मग ते आवळता येत नाही आणि सैलही करता येत नाही. बाहेरून लावावयाच्या दोन दांड्यांचे यंत्र असेल तर ते दांडे परस्परांच्या बरोबर समोरासमोर असावेत, दोहोंच्या पकडीत वेढे सारखे असावेत, आणि एकाला अर्धा फेरा दिला की दुसऱ्याला अर्धा, अशा पाळीने त्यांना आवळावे. तसे न केल्यास स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि वाकलेली स्प्रिंग पकडीतून निसटण्याची वाटच पाहत असते. हवेच्या बंदुकीने हे नट फिरवू नयेत, हातानेच फिरवावे, म्हणजे बिघडत चाललेल्या गोष्टीची वर्दी मनगटाला मिळते. वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवलेले असल्यास ते आधी काढावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे: दाबलेल्या स्प्रिंगच्या दोन टोकांच्या रेषेत मस्तक, छाती वा पाऊल कधीही आणू नये, तिथे दुसरा कोणी उभा असेल तर त्याला बाजूला करावे, आणि तिच्या बाजूनेच काम करावे.

कोणताही मार्ग घेतला तरी एक साखळी लावावी. चांगल्या जाडीची पोलादी साखळी स्प्रिंगच्या वेढ्यांतून आणि चौकटीच्या भक्कम भागाभोवती घेऊन कुलपाने किंवा बोल्टने जोडावी; ती एवढी सैल असावी की स्प्रिंगला लांब होता यावे, पण एवढी सैल नसावी की तिला बाहेर उडी घेता यावी. कित्येक वेळा साखळीला काहीच काम पडत नाही, आणि म्हणून अनुभवी माणसे ती लावण्याची हयगय करतात. ती जामीन आहे. मूळ आसामी पळून जात नाही तोपर्यंत जामीनदाराला कोणी बोलावीत नाही, एवढ्यावरून तो अनावश्यक ठरत नाही.

यापुढे आडकाठ्या दूर कराव्यात: आडव्या डोलाला आवर घालणाऱ्या दांड्याचा जोड सोडवावा, स्टीअरिंगचा जोड आड येत असेल तर तोही, आणि आर्म खाली उतरताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाणार नाही याची खात्री करून घ्यावी, जरूर तर ब्रेकचा भाग तारेने वर टांगावा, नळीवर लोंबू देऊ नये. मग येते बॉल जॉइंटची पाळी. त्याचा निमुळता दांडा नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या पोलादी भागाच्या, तशाच निमुळत्या छिद्रात वर्षानुवर्षे आवळून बसलेला असतो. स्प्लिट पिन काढून त्याचा नट दोन-तीन फेरे मागे घ्यावा, पण काढू नये. पुरेसे आटे नटाच्या पकडीत राहिलेच पाहिजेत. आता नकलच्या ज्या कड्यात हा दांडा बसलेला आहे त्या कड्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरावा आणि विरुद्ध बाजूला दुसऱ्या हातोड्याने सणसणीत घाव घालावा. आट्यांवर किंवा दांड्याच्या टोकावर घाव घालू नये. दोन-चार घावांपर्यंत काहीच होत नाही, आणि मग एकाएकी एक कोरडा, आखूड आवाज होऊन आर्म नटाच्या अंतराइतका, म्हणजे जेमतेम चार-पाच मिलिमीटर, खाली बसतो. त्या चार-पाच मिलिमीटरांत या कामाचे सारे शहाणपण साठलेले आहे. सांधा सुटला, परंतु बळ मोकळे झाले नाही. ते नटाने झेलले. आता जॅक किंचित वर घेऊन नटावरचा भार उतरवावा, नट बोटांनी फिरू लागला म्हणजे ताबा जॅककडे आला असे समजावे, आणि मगच तो नट काढावा.

जॅक उतरवताना घाई करू नये. आर्म सरळ खाली येत नाही. तो आतल्या बिजागरीभोवती कमानीत फिरतो, म्हणून ट्रॉली जॅकची चाके मोकळी असावीत आणि जॅकचे डोके आर्मवर घसरत तर नाही ना याकडे सतत लक्ष असावे. स्प्रिंग हळूहळू लांब होत जाते, आणि एका टप्प्यावर ती आपल्या बैठकीत खुळखुळू लागते. हाताने हलवली तर हलते, अशी अवस्था आली म्हणजे बळ संपले. त्यानंतर लहान पहारीने खालचे टोक बैठकीतून उचलून ती बाहेर काढता येते. दुसरी बाजू तोपर्यंत जशीच्या तशी ठेवावी. जोडणीच्या वेळी शंका आली तर तीच मार्गदर्शक ठरते.

येथवर जे सांगितले ते स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेल्या मोटारींचे. सर्व मोटारी अशा नसतात, आणि एका मोटारीची रीत डोळे मिटून दुसरीला लावणे घातक होय. अमेरिकेच्या फोर्ड मस्टँगच्या पहिल्या पिढीत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते. तेथे खालच्या आर्मखाली जॅक लावून वरचा सांधा सोडवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, कारण सांधा सुटताच जॅकचा स्प्रिंगशी संबंधच तुटतो. इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या लहानशा क्रीडामोटारीत त्याहून फसवी गोष्ट आहे: तिच्या शॉकॲब्सॉर्बरचा बाहेर आलेला हात हाच तिचा वरचा आर्म आहे. शॉक काढणे हे निरुपद्रवी काम समजून जो त्याचे बोल्ट सोडवील तो वस्तुतः स्प्रिंगचाच दरवाजा उघडीत असतो.

आणि मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल व झेफर मोटारींत आली आणि १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर आपल्या घराघरांत पोहोचली. यात शॉक आणि स्प्रिंग मिळून एकच खांब होतो. बॉनेट उघडले की त्याचा माथा दिसतो, मध्ये एक मोठा नट आणि त्याच्या कडेने लहान नट. कडेचे नट खांबाला मोटारीशी जोडतात. ते व खालचे बोल्ट काढले की दाबलेल्या स्प्रिंगसह सबंध खांब बाहेर येतो, आणि तोपर्यंत यात काही भय नाही, कारण स्प्रिंगचा ताबा त्या मधल्या नटाकडे आहे. दाबयंत्र लावून स्प्रिंग बैठकीपासून सैल केल्याखेरीज त्या मधल्या नटाला, खांब मोटारीत असो वा बाहेर असो, पाना लावू नये. हे वाक्य मी प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले असते.

बाहेर काढलेली स्प्रिंग रॉकेलने धुऊन उजेडात फिरवीत पाहावी, विशेषतः तळाचा वेढा, जेथे चिखल साठून राहतो. मळसूत्री स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे १२ मिलिमीटरची तार गंजून ११ मिलिमीटर उरली, तर जाडीत घट फार थोडी दिसते, पण त्या भागाचा कडकपणा सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. शिवाय गंजाचा प्रत्येक खड्डा ही भेगेची पहिली पायरी असते. याच कारणाने स्प्रिंगवर छन्नीचा घाव घालू नये, तिला पक्कडीने ओरबाडू नये, आणि मोटार खाली बसवण्यासाठी गॅसने तापवून वेढे बसवण्याचा वा कापण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो मुळीच करू नये. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते, आणि वेढा कमी केल्याने उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते, तीही अशा प्रमाणात की ज्याचा हिशेब शॉक बनवणाऱ्याने कधी केलेला नव्हता. उजव्या-डाव्या स्प्रिंगा चालकाच्या वजनाचा विचार करून कित्येकदा निरनिराळ्या लांबीच्या बनवलेल्या असतात. म्हणून काढताच त्यांना चिठ्ठी बांधावी, वरचे टोक कोणते व खालचे कोणते याची खूण करावी. बदलावयाच्या असल्यास दोन्ही बदलाव्यात, शॉकही जोडीनेच.

जोडणी उलट क्रमाने होते, परंतु तिच्याकडे उतरणीचे काम म्हणून पाहू नये. बळ पुन्हा कोंडले जात असते आणि प्रत्येक टप्प्यावर ताब्याचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. स्प्रिंगच्या शेपटाचे टोक बैठकीतील खोबणीच्या कडेला नीट टेकले पाहिजे आणि वरची रबरी गादी जागेवर असली पाहिजे. नवा तेलाचा शॉक बसवण्यापूर्वी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. स्प्लिट पिना जुन्या वापरू नयेत. आर्मच्या बिजागऱ्यांचे बोल्ट मात्र चाक अधांतरी असताना शेवटचे आवळू नयेत. त्यांतील रबरी बुश ज्या स्थितीत आवळले जाते तीच त्याची विश्रांतीची स्थिती ठरते, आणि लोंबत्या आर्मवर आवळलेले बुश मोटार जमिनीवर येताच कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांतच फाटते. म्हणून मोटार चाकांवर उतरवावी, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडावी, आणि मग तिच्या स्वतःच्या भाराखाली ते बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावेत. ५०-६० किलोमीटर मोटार चालल्यावर चाकांचे नट व इतर सांधे पुन्हा तपासावेत, आणि नवी स्प्रिंग बसल्यामुळे मोटारीची उंची बदललेली असल्याने व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. ते न केल्यास नव्या स्प्रिंगवर चालणारे टायर एका कडेने झिजू लागतात.